मरणाची खांड

शिर्की, ता. पेण
३ मार्च १९९६

चि. नमिता,

तुला आशीर्वाद. माझ्या मागच्या दोन पत्रांना उत्तर नाही. म्हणजे एक तर ती पोचली नाहीत, नाहीतर तू आजारी आहेस, नाहीतर तिकडे प्रयोगशाळेत काहीतरी फुटलं. मी तिन्ही गोष्टी मनात धरून बसलो आहे. तुझी आजी म्हणते, पोरगी कामात असेल. तिला काळजी करता येत नाही, म्हणून तिच्या वाटची मीच करतो.

इकडे ठीक आहे. तुझा बाप डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला जातो आणि घरी येऊन झोपतो. मिठागरावर मी आता नुसता बघायला जातो. बघितलं तरी चुका दिसतात आणि बोललं तर पोरांना राग येतो.

पत्राचं कारण वेगळं आहे. मागच्या आठवड्यात रोह्याला महिपतीच्या पुतणीची हळद होती. माझा हा साडू समाज मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून खुर्चीतून उठत नाही, बसल्या जागेवरून सगळ्यांची चौकशी करतो. पंगतीत मोठ्याने म्हणाला, "काय रं कमळाकर, नात काय शिकते तिकडं हैदराबादला?"

मी म्हटलं, "पेशी कशा मरतात ते शिकते."

"मराया शिकाला एवढी लांब धाडलीस? आमी हितं बिनशिकलेलं मरतोच की!"

सगळी पंगत हसली. मीही हसलो, पण ते मनाला लागलं. मी चौथी शिकलेला माणूस. तू एम.एस्सी. झालीस तेव्हा पेढे वाटले की काम झालं. आता तू जे करतेस ते मला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्याचा अभिमान धरायचा तरी कसा? तेव्हा पंगतीत सांगता येईल असं काहीतरी लिहून पाठव. सोपं लिही. आणि ॲसिडपासून लांब राहा.

तुझा आजा,
कमळाकर


हैदराबाद
१४ मार्च १९९६

ती. आजोबांना नमस्कार,

काही फुटलेलं नाही. एक काचेची नळी फुटली, ती पण माझ्या शेजारणीची. पत्राला उशीर केला त्याबद्दल कान पकडते.

आता नीट ऐका. आपल्या अंगात कोट्यवधी पेशी असतात. प्रत्येक पेशीत बारीक बारीक कणिका असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. आपण जेवतो, श्वास घेतो, त्याची ताकद मुख्यतः तिथे तयार होते. प्रत्येक कणिकेला दोन भिंती असतात. समजा, एक बाहेरचा बांध, एक आतला बांध, आणि मध्ये चिंचोळी जागा. त्या मधल्या जागेत एक लहानसं प्रथिन राहतं. त्याचं नाव सायटोक्रोम सी. रंगाने लालसर, कारण त्याच्या पोटात लोखंडाचा कण असतो.

त्याचं काम तुम्हाला लगेच कळेल. बांध घालताना माणसं रांगेत उभी राहतात आणि चिखलाचं घमेलं या हातातून त्या हातात देतात, तशीच रांग आतल्या बांधावर असते. फक्त घमेल्याऐवजी विजेचे कण. रांगेतले बहुतेक जण जागेवर रुतलेले. आमचं हे प्रथिन मात्र इकडून घेतं, दोन पावलं चालतं आणि तिकडे देतं. जन्मभर तेवढंच करतं. ते थांबलं तर रांग थांबते, आणि घेतलेला श्वास फुकट जातो.

आणि मरणाचं म्हणाल तर पेशी दोन तऱ्हांनी मरतात. एक मार लागून. दुसरी आपण होऊन, शांतपणे, सगळी आवराआवर करून. मी ही दुसरी बघते. ती कशी सुरू होते ते नीट कुणाला माहीत नाही.

पंगतीत एवढंच सांगा, नमिता माणसाची ताकद कुठून येते ते बघते.

तुमची,
नमी


शिर्की
२ एप्रिल १९९६

चि. नमी,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं, मग तुझ्या आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लोखंड पोटात घेऊन फिरतंय बिचारं." तेव्हापासून घरात त्याचं नाव 'लाल घमेलेवाला' पडलं आहे. सायटोक्रोम म्हणताना माझी कवळी निसटते.

रोह्याला मुद्दाम गेलो आणि महिपतीला सगळं सांगितलं. तो खुर्चीत पुढे सरकून बसला. म्हणाला, "म्हंजी माज्या आंगात पन ह्यो घमेलेवाला हाय?" मी म्हटलं, "तुझ्यात लय असतील, तू जेवतोस किती!" ह्या वेळी पंगत माझ्या बाजूने हसली.

एक शंका आहे. तो एकटाच चालणारा आणि बाकीचे रुतलेले. मग तो चालता चालता बाहेर पडला तर? मला ह्या विचाराने झोप लागत नाही. उत्तर टाक.

तुझा आजा


हैदराबाद
१० जून १९९६

ती. आजोबा,

तुमच्या शंकेला उत्तर द्यायला दोन महिने लागले. त्याला कारण आहे. लाल घमेलेवाला खरंच बाहेर पडतो.

मी पेशी घेते, त्यांना अशा औषधात ठेवते की त्या आपण होऊन मरायला लागतात. मग त्या अलगद फोडून यंत्रात गरगर फिरवते. जड कणिका तळाला बसतात, पाणी वर राहतं. घमेलेवाला तळाच्या कणिकांतच सापडायला हवा. धडधाकट पेशींत तसाच सापडला. पण मरायला लागलेल्या पेशींत तो वरच्या पाण्यात होता! म्हणजे बाहेरच्या बांधातून निसटून पेशीत मोकळा फिरत होता. आणि तो बाहेर आला की पेशीतली कापणारी प्रथिनं जागी होतात नि पेशी स्वतःला आवरायला घेते.

विचार करा आजोबा. आत असला की जगवणारा, बाहेर आला की मरण सुरू करणारा. आणि दोन्ही तोच!

सरांचा आधी विश्वास बसला नाही. म्हणाले, "तू पेशी फोडताना कणिकाच फाडल्यास." मी पुन्हा केलं, अजून हलक्या हाताने. पुन्हा तेच. आता सर रोज दारात येऊन विचारतात, "आज काय?" आम्ही जगात पहिले असू शकतो. पण अजून बरंच तपासायचं आहे, मग लिहायचं, मग छापायचं. तोवर कृपा करून कुणाला सांगू नका.

नमी


शिर्की
२० जून १९९६

चि. नमी,

मी कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त महिपतीला सांगितलं, तेही शपथ घालून.

तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा सगळं समजलं. बांधाला खांड पडते म्हण की! भरतीच्या जोराने बांध एका जागी फुटतो, तिथून खाडीचं पाणी शेतात शिरतं आणि भात जळतं. तेच खारं पाणी मिठागरात असतं तेव्हा आपलं पोट भरतं. माणूसही असाच मरतो, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

पण खांड पडली तर बुजवता येते. आपल्या गावाला जोळाची रीत आहे. हाकारा झाला की घरटी एक माणूस घमेलं घेऊन बांधावर जातो, आणि पुढच्या भरतीच्या आत खांड बंद करतो. तू खांडीची जागा शोधलीस. आता ती बुजवायची बाकी. मी महिपतीला म्हटलं, अवघड ते झालं, सोपं ते राहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला साखर आहे, तू त्याचं आधी बघ.

पाऊस मोठा आहे. बाहेरचा बांध दोन ठिकाणी नरम लागतो. माझं लक्ष निम्मं तिथे आणि निम्मं तुझ्याकडे.

तुझा आजा


हैदराबाद
१८ सप्टेंबर १९९६

ती. आजोबा,

लवकर लिहायला हवं होतं, पण हात होईना.

परदेशी मासिकं आमच्या ग्रंथालयात उशिरा येतात. जुलैचा अंक परवा आला. अमेरिकेतल्या लोकांनी घमेलेवाल्याचं हे दुसरं काम दाखवून दिलंय. तो पेशीच्या पाण्यात असला की मरणाची तयारी सुरू होते, हेच. त्यांचं काम माझ्यापेक्षा पुष्कळ पुढचं आणि फार सुंदर आहे. मी ते उभ्यानेच वाचलं.

म्हणजे मी केलं ते बरोबर होतं, पण पहिलं नव्हतं. मी पेशी फोडत होते तेव्हा त्यांचं छापायला गेलं होतं.

सरांनी विचारलंय, आता पुढे काय करणार? माझ्याकडे उत्तर नाही.

नमी


शिर्की
२९ सप्टेंबर १९९६

चि. नमी,

पत्र मिळालं. भात चांगलं उभं आहे. बांध टिकला. तुझ्या आजीचे गुडघे दुखतात. तुझ्या बापाची शिफ्ट बदलली, आता तो दिवसा झोपतो. गणपती छान झाले. यंदा पेणच्या कारखान्यांतून मूर्ती इतक्या लांब लांब गेल्या म्हणतात.

तू मन खट्टू करू नकोस. बरोबर होतं ना तुझं? मग झालं. अमेरिकेचं मासिक रोह्यात कोण वाचतो?

आता जे सांगायचं ते सांगतो, कारण आज नाही सांगितलं तर दुसऱ्याकडून कळेल. महिपतीने तुझा सत्कार ठरवला आहे. कापणी-झोडणी आटोपली की, २४ नोव्हेंबरला रविवारी दुपारी, रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावात, समाजाच्या हॉलमध्ये. हे जुलैतच ठरलं होतं. मी तेव्हा कळवलं नाही, कारण तू कुणाला सांगू नका म्हणाली होतीस. पत्रकं छापून वाटली आहेत. त्यात लिहिलं आहे, 'मरणाची खांड शोधणारी आपल्या समाजाची कन्या.' ती ओळ मी सांगितलेली आहे. सगळ्यांना आवडली.

रोह्यापासून पेणपर्यंत लोक मला रस्त्यात थांबवतात. मिठागरावरची पोरं आता माझं ऐकतात. तू तिकीट काढ.

तुझा आजा


हैदराबाद
८ ऑक्टोबर १९९६

ती. आजोबा,

तुमच्यावर रागावले होते, म्हणून दोन दिवस थांबून लिहिते आहे.

त्या एका ओळीत दोन चुका आहेत.

पहिली तुम्हाला माहीतच आहे. शोध माझा नाही. ज्यांनी आधी केला आणि छापला, त्यांचा आहे.

दुसरी चूक होण्यात माझाही हात आहे, कारण बांधाची गोष्ट मीच तुम्हाला सांगितली. आजोबा, ती खांड नाही, उघाडी आहे. तुम्ही इतकी वर्षं उघाडीवर राखण केलीत. बांधाला ते दार मुद्दाम ठेवलेलं असतं. भरतीला झडप बंद, ओहोटीला उघडी. पावसाळ्यात ती उघडलीच नाही तर काय होतं? शेतातलं पाणी बाहेर जात नाही आणि भात कुजतं. मग उघाडी बुजवा असं कोण म्हणेल?

पेशींचंही तसंच आहे. पोटात असताना बाळाचा पंजा बदकाच्या पायासारखा सलग असतो. बोटांच्या मधल्या पेशी वेळेवर मरतात, म्हणून बोटं सुटी होतात. त्या मेल्या नसत्या तर तुम्हाला मिठाचं फावडं धरता आलं नसतं आणि मला नळी. उलट कॅन्सरच्या गाठीत ज्या पेशींनी जायला हवं त्या जात नाहीत. नको तेव्हा दार उघडलं तरी नुकसान, हवं तेव्हा उघडलं नाही तरी नुकसान. मरण बुजवून टाकायला मी शिकत नाही. महिपती आजोबांची साखर माझ्या हातून बरी होणार नाही, त्यांना डॉक्टरकडेच जायला सांगा.

त्या ओळीखाली मी शाल घेऊ शकत नाही. ओळ बदला, मी येते. नाही बदलली तर येणार नाही.

नमी


शिर्की
२० ऑक्टोबर १९९६

चि. नमी,

तुझं पत्र खिशात घालून रोह्याला गेलो. वाटेत एस.टी. बंद पडली, ते मला अपशकुनासारखं वाटलं.

महिपतीला म्हटलं, "ओळ बदलावी लागेल. अमेरिकेच्या लोकांनी आधी शोधलं."

तो म्हणाला, "मंग आपली पोर दुसरी आली?"

"व्हय."

"जगात दुसरी?"

"ते मला माहीत नाही. कदाचित तिसरी असेल."

"कमळाकर, पत्रकं वाटून झाली. पार नागोठण्यापासून मानसं येनार. आता सांगू काय, शोध दुसऱ्याचा हाय पन जेवन आमचं? अमेरिकेवाला अष्टमीला येऊन माईक हिसकावनार हाय का?"

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर घालायचाच नव्हता. नमे, तू ये. काही बोलू नकोस. शाल घे, नमस्कार कर, खाली बस. बाकी मी बघतो. तू नाही आलीस तर लोक म्हणतील, पोरगी शिकून मोठी झाली, आपल्यात यायला लाजते. ते मला ऐकवणार नाही. लहानपणी तू खोटं बोलायचीस तेव्हा मी मारलं नाही कधी. तेवढं तरी लक्षात घे.

तुझा आजा


हैदराबाद
३१ ऑक्टोबर १९९६

ती. आजोबा,

मी येणार नाही.

लाज वाटते म्हणून नाही. तुमच्या सगळ्यांसमोर उभं राहायला मला फार आवडलं असतं. पण इथे आमच्याकडे एकच गोष्ट चालत नाही. प्रयोग बिघडला तर तो फेकून पुन्हा करता येतो. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवलं, की पुढे आपण दाखवू त्यातलं काहीच कुणाला खरं धरता येत नाही. आपल्यालासुद्धा.

तुम्हाला काय करायचं ते तुम्ही करा. मी रागावणार नाही. आजीच्या गुडघ्यांना शेक द्या. दिवाळीला कपडे घ्या.

नमी


शिर्की
२६ नोव्हेंबर १९९६

चि. नमी,

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण काय करायचं ते मलाच ठाऊक नव्हतं. रविवारी दुपारी अष्टमीला पोचलो तेव्हाही नव्हतं. हॉल भरला होता. मागे बायका दारापर्यंत. स्टेजवर मोठ्या अक्षरांत ती ओळ. खाली एक खुर्ची तुझी, रिकामी. महिपतीने जाहीर केलं की नमिताला परीक्षेमुळे येता आलं नाही, तिच्या वतीने तिचे आजोबा शाल घेतील. परीक्षा त्याने आपल्या मनाने घातली.

मग त्याने तुझं नाव घेतलं आणि टाळ्या सुरू झाल्या. अशा टाळ्या मी जन्मात ऐकल्या नाहीत. वाटलं, राहू दे. एक दिवस राहू दे. कुणाचं काय बिघडतं?

महिपती शाल उलगडून माझ्या जवळ आला. मी वर बघितलं तर लोक माझ्याकडे बघत नव्हते, तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की ह्या टाळ्या ज्या पोरीला आहेत ती पोरगी कुठेच नाही. खांड शोधणारी ती कुणी वेगळीच. आणि माझी नमी, जी येणार नाही म्हणाली, तिला इथे कुणी ओळखतच नाही.

शाल अंगावर पडायच्या आत मी माईक धरला. म्हटलं, "बसा. दोन चुका झाल्यात, दोन्ही माझ्या. पहिली म्हंजे हा शोध नमीचा नाय. अमेरिकेच्या लोकांनी आधी लावला. नमीला पन तेच गावलं, पन त्यांच्या मागून. ती परीक्षेमुळे नाय आली असं नाय. दुसऱ्याची शाल घेनार नाय म्हनाली, म्हनून नाय आली."

महिपतीने बाही ओढली. "बस खाली, कमळाकर. इज्जत जाते."

मी म्हटलं, "जाते ती माझी जाते. नमीची नाय जात."

मागून कुणीतरी ओरडलं, "मंग तिनं केलं तरी काय? आमाला बोलावलंत कशाला?"

मला तेच पाहिजे होतं. मी सगळं सांगितलं. दोन बांध, मधली जागा, लाल घमेलेवाला, आत असला तर काय करतो, बाहेर पडला तर काय होतं. मग म्हटलं, दुसरी चूक ही की ती खांड नाय, उघाडी हाय. कुंडलिका नदीच्या काठची माणसं, त्यांना उघाडी शिकवायची गरज नव्हती. बाळाच्या पंजाचं सांगितलं तेव्हा सगळ्या हॉलने आपापले हात वर धरले आणि बोटं फाकवून बघायला लागले. म्हातारे, पोरं, सगळे. नमे, कुणाचा सत्कार असा झालेला मी पाहिला नाही.

मग अष्टमीच्या बाजारात सुकी मासळी विकते ती बायजाबाई उभी राहिली. तिच्या जिभेला बाजार घाबरतो. म्हणाली, "कमळाकरदादा, मना एक सांग. उघाडीवर तू व्हतास. ओहोटीचं पानी ढकलतंय तवा झडप उघारते. ह्या तुझ्या घमेलेवाल्याला भायेर कोन काढतंय? तो आतनं ढकलतंय, का भायेरनं कोन येऊन दार उघारतंय?"

मी म्हटलं, "नमीला विचारून सांगतो."

"इचार. मी वाट बघतंय."

महिपती शाल घेऊन उभाच होता. बायजाबाई त्याला म्हणाली, "ती घडी करून ठेव रं. पोरीला सोताचं काय गावंल तवा घालू. घाई नाय."

पुन्हा टाळ्या झाल्या. आधीपेक्षा कमी, पण ह्या मी मोकळ्या मनाने ऐकल्या. जेवणं झाली. जो महिपती खुर्चीतून उठत नाही, तो पुलावरून चालत मला एस.टी.पर्यंत सोडायला आला. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "कमळाकर, आपल्या समाजात शाल घेनारे लय हायत. नको म्हननारी ही पयलीच. पयली आली की नाय पोर?"

मी रुमाल शोधत बसलो. सत्तरी ओलांडली, पण छाती अशी भरून कधी आली नव्हती.

बायजाबाईचं उत्तर लवकर पाठव. रोह्याला जाताना मला त्या बाजारातून जावं लागतं.

तुझा आजा,
कमळाकर


हैदराबाद
५ डिसेंबर १९९६

ती. आजोबा,

तुमचं पत्र मी सरांना इंग्रजी करत वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं, का ते तुम्हाला कळेल.

बायजा आजीचा प्रश्नही सांगितला. ते हसले, मग उठून त्यांनी तो फळ्यावर लिहिला. खाली काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं अजून काही नाही.

तिला सांगा, हे आत्ता नक्की कुणालाच माहीत नाही. बाहेरचा बांध फुगून फाटतो असं काहींना वाटतं. दुसरं एखादं प्रथिन येऊन त्यात भोक पाडतं असं काहींना वाटतं. आणि एक प्रथिन दाराला पाठ लावून उभं राहतं, ते असेपर्यंत दार उघडत नाही, असाही संशय आहे. हाच प्रश्न घेऊन जगात ठिकठिकाणी लोक बसले असणार. आमच्यापेक्षा मोठ्या प्रयोगशाळा, चांगली यंत्रं.

'पुढे काय?' असं सरांनी विचारलं होतं, त्याचं उत्तर मी आज दिलं. मी हेच करणार. कदाचित पुन्हा कुणी आधी पोचेल. पोचू दे. मला बघायचंच आहे.

शिमग्याला घरी येते. अष्टमीलाही जाऊ. मला ती हॉलमधली माणसं बघायची आहेत.

तुमची,
नमी


शिर्की
१८ डिसेंबर १९९६

चि. नमी,

पत्र मिळाल्याबरोबर अष्टमी गाठली. बायजाबाई बोंबील विकत होती. गिऱ्हाइकं उभी होती, तरी तिने मला आधी बोलायला लावलं. मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं.

तिने तागडी खाली ठेवली. "म्हंजी मी इचारलं तां नमीला म्हाईत नाय?"

"नाय."

"अमेरिकेला?"

"त्यांनाही नाय."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा बोंबील मोजायला लागली. मला वाटलं, संपलं. पण काल रोह्याला गेलो तर महिपतीने विचारलं, "बायजीच्या प्रश्नावर अमेरिका अडली म्हनं?" भाजीवाल्याने तेच विचारलं. एस.टी.च्या कंडक्टरने तेच. एकदा तोंड पोळलेला माणूस मी. पुन्हा समाजाची शोभा, पुन्हा तुझ्या नावाला बट्टा. तडक बाजारात गेलो.

म्हटलं, "बायजे, माझं झालं ते बघितलंस ना? आता तू मोठेपणा सांगत फिरू नको. उद्या कुणी म्हणेल, शोध बायजाबाईने लावला."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चौथीच्या वर्गात उभा आहे असं वाटलं.

"मी कुठं बोलतंय मना गावलं म्हनून? मी बोलतंय, मना म्हाईत नाय. आनि ज्यांना म्हाईत नाय त्यांच्यात अमेरिका हाय, आपली नमी हाय, नि मी हाय."

तुझा आजा,
कमळाकर